बीजेचं पाणी

शनिवारी सकाळी सव्वाआठला नबीला माझ्या डाव्या कुशीत पीत होती. उजव्या हातातल्या फोनवर फोटो आला तेव्हा आधी मला तो सुंदरच वाटला. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात काळ्या खडकाची एवढीशी पाठ, तिच्यावर उभा एक माणूस आणि त्याच्या खांद्यावर लाल फ्रॉकमधली मुलगी. मागे तिवरांची हिरवी रेघ. मनात आलं, कोणी काढला असेल, आपल्या पुढच्या लेखाला चालेल. मग खालच्या ओळी वाचल्या. नंदकुमारकाकांनी लिहिलं होतं, 'आपल्या ग्रुपचा केयूर आणि त्याची जाई. साइटवरचा कालवांचा लेख वाचून गेले होते. पाण्याने वेढले. गावातल्या गोटीरामने होडी घालून काढलं.' आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, 'दोघं ठीक.' हे दोन शब्द त्यांनी सगळ्यात वर का नाही लिहिले, असं आधी डोक्यात आलं. संपादकाची खोड, दुसरं काय! ते वाचेपर्यंतच्या दोन-तीन श्वासांत माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं असणार, कारण नबीलाने पिणं थांबवलं, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांच्या बाळाला फोटो कळत नाही. आईच्या कुशीचा ताण कळतो. मी म्हटलं, 'काही नाही गं, पी.' तिने विश्वास ठेवला. खडकावरच्या त्या माणसानेही ठेवला होता, माझ्या एका वाक्यावर.

वाक्य मला पाठ होतं. 'सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, तेव्हा दिवाळे गावाच्या किनाऱ्यापासून कालवांच्या खडकापर्यंत चालत जाता येतं.' किती स्वच्छ वाक्य! मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी ते जमून आलं तेव्हा मी एकटीच हसले होते. दहा दिवस राहीबाईंच्या बोलण्याचा चिखल तुडवल्यावर पायाखाली घट्ट काही लागलं होतं. बाळ झाल्यापासून माझं कुठलंच काम पुरं होत नाही. अर्धा कांदा चिरलेला, अर्धी बादली पिळलेली, अर्धं वाक्य नवऱ्याला, उसामाला, सांगितलेलं. पण लेखातलं वाक्य पुरं होतं. त्याला पूर्णविराम देता येतो आणि तो दिला की ते उठून रडत नाही. म्हणून ती चोरलेली चाळीस-पन्नास मिनिटं, नबीला दुपारी झोपली की स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानेच लॅपटॉप उघडून, मी कुणालाही देत नव्हते. ओट्यासमोरच्या खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या मधून खाडीची एक चिंधी दिसते. कधी चमकते, कधी नुसता काळा चिखल असतो. मी तिच्याकडे बघत बघत खाडीबद्दल लिहिलेलं दुरुस्त करायचे. ती कधी चमकते आणि कधी नाही, हे मात्र मी कधी टिपून ठेवलं नव्हतं.

आमचा ग्रुप म्हणजे 'खाडीकाठ'. बेलापूरच्या सेक्टरांमधले काही लोक फ्लेमिंगो मोजायला जमायला लागले, त्यांत पाणथळीवर भराव पडला की आरडाओरड करणारे आले, मग दिवाळे गावातले चार-दोन. साइट झाली, सभासदांचे लेख यायला लागले आणि काय काय यायला लागलं! फॉरवर्ड केलेल्या कविता, कुठून तरी उचललेली पक्ष्यांची माहिती, सोसायटीच्या सेक्रेटरीवरचा राग. तेव्हा मी सातव्या महिन्यात होते. नंदकुमारकाका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, एका बैठकीत म्हणाले, 'शायमा, तू पुस्तकांच्या प्रकाशनात होतीस ना? तूच नियम कर.' मी पोटावर वही ठेवून नऊ नियम लिहिले. आतून लाथ बसली की अक्षर हलायचं. एक, पाहिलेलं लिहा, ऐकलेलं नाही. दोन, दुसऱ्याचं उचलू नका. तीन, जिवंत माणसाचं नाव त्याला विचारून. असं करत सहावा, त्याचा मला सगळ्यात अभिमान होता: तारीख इंग्रजी कॅलेंडरची, वेळ घड्याळाची, 'हल्ली', 'परवा', तिथी, नक्षत्र लेखात नको, सगळ्या वाचकांना कळत नाही. काका म्हणाले, 'वा! हे खात्यात असतं तर माझी निम्मी नोकरी सोपी गेली असती.' त्या नियमांनी साइट खरंच सुधारली. हे मी नम्रतेने झाकणार नाही. लोक नीट पाहायला लागले, नीट लिहायला लागले. आजही त्यांतले आठ नियम मी जसेच्या तसे पुन्हा लिहीन.

राहीबाई मंगळवारी आणि शनिवारी पाटी घेऊन येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा नबीला वीस दिवसांची होती. उंबऱ्यात बसून त्यांनी बोंबील मोजायच्या आधी बाळाकडे पाहिलं आणि विचारलं, 'कवा झाली?' मी तारीख सांगितली, संध्याकाळचे पाच चाळीस सांगितले. 'तं नाय गो. पानी चढत व्हतं का उतरत?' मी हसले. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये वजन होतं, रक्तगट होता, पाण्याचा रकाना नव्हता. 'माहीत नाही मावशी.' त्यांनी 'बरं' म्हटलं. आपण ज्या माणसाला स्वतःचं घर कुठं ते सांगता येत नाही त्याला म्हणतो तसं. पुढे मीच त्यांच्या मागे लागले, कालवांवर लिहा, साइटवर गावातल्या बाईचा एकही लेख नाही. 'लिवू? मी?' 'बोला. मी लिहिते.' मग फोनवर त्यांचे आवाज यायला लागले. मागे होड्यांची इंजिनं, कुत्री, कुणाला तरी हाणलेली शिवी. मी नबीलाला पाजताना एका कानाने ऐकायची. कालवांचे शिंपले खडकाला कसे धरतात, कुठले उघडायचे नाहीत, चिखलात पाय आडवा का टाकायचा. आणि परत परत एकच शब्द, बीज, अमावास्येनंतरची दुसरी तिथी. 'बीजेला सकालचं पानी पार उतरतं. तिजेला जरा येलानं. मंग पुढं पुढं ऱ्हातं. आठमीला जाऊ नको, भांगाचं पानी, धड चढत नाय, धड उतरत नाय.' मी उलट विचारलं, 'मावशी, म्हणजे किती वाजता?' मग आवाज आला, जरा वैतागलेला: 'आता काल सोमवारी बीज व्हती, तवा साडेसात झाले आसतील. पन तुला वाजलेलं कशाला पायजे?' मला पाहिजेच होतं. नियम सहा. मी बीज खोडली, तीज खोडली, आठम खोडली, सोमवार छापेपर्यंत शिळा होणार म्हणून तोही खोडला, आणि साडेसात ठेवले.

मीच खोडली, हे शनिवारी सकाळी नबीलाला दुसऱ्या अंगाला घेताना मला पहिल्यांदा लख्ख दिसलं, आणि ज्याची लाज वाटली ते वेगळंच होतं. बीज मला कळत नव्हती असं नाही. बीज म्हणजे आमच्या गच्चीवरची संध्याकाळ. अब्बा चष्मा पुसून पश्चिमेकडे बघत उभे, शेजारचे खुर्शीदचाचा 'तो नव्हे, तो टॉवरचा दिवा' म्हणून त्यांना चिडवतायत, आम्ही पोरं कठड्यावर, आणि कुणीतरी ओरडतं, दिसला! नखाएवढा चांद, आकाशाला कुणी हळूच चिमटा काढल्यासारखा. ज्या संध्याकाळी तो दिसतो तीच राहीबाईंची बीज. माझ्या घरात आजही महिना त्याला पाहिल्याशिवाय सुरू होत नाही. कॅलेंडरवर ईदची तारीख छापलेली असली तरी अम्मी खीर करायचं दूध त्या तारखेच्या भरवशावर आणत नाही. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, पाणी त्याच्या मागून चालतं, हे मला शाळेने शिकवलं, गच्चीनेही शिकवलं. ज्या सोमवारी सकाळी राहीबाई खडकावर होत्या त्याच सोमवारी संध्याकाळी मी उसामाला बाल्कनीत ओढून चांद दाखवला होता, नबीलाची मूठ धरून त्याच्याकडे केली होती. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ओट्याशी उभी राहून, 'वाचकांना कळत नाही' म्हणून तो पुसून टाकला. कुठले वाचक माझ्या डोळ्यापुढे होते? मी प्रकाशनात असतानाचे, केबिनमधले, इस्त्रीचे. बाळंतपणात सगळं विसरतं म्हणतात. मी विसरले नव्हते. मला पुन्हा एकदा ऑफिसातली बाई व्हायचं होतं, दुपारी चाळीस मिनिटं.

बारा दिवस. मागच्या आठवड्यातल्या सोमवारच्या बीजेपासून आजच्या शनिवारपर्यंत बोटांवर मोजलं, आज चतुर्दशी. म्हणजे रोज पाऊण तास पुढे सरत सकाळची ओहोटी संध्याकाळवर गेली आणि रात्रीची पहाटे पाचलाच येऊन गेली असणार. केयूर सातला पोचला तेव्हा चिखल उघडाच असेल, लेखात म्हटल्यासारखा. जाईचा हात धरून, हसत, पाय आडवा टाकत तो गेला असेल. त्या बाबतीत लेख बरोबर होता. साडेसातला खडकावर बसून पोरीला कालवं दाखवली असतील. पूर्ण ओहोटी आहे, आता काय, निवांत. आणि पाणी मागून, किनारा आणि खडक यांच्यामधल्या घळीत, आवाज न करता भरत असेल. समोरून येत नाही ते; पाठीमागून येतं. हे राहीबाईंनी सांगितलं होतं. शब्दमर्यादेसाठी ते मी कापलं होतं. कापलेल्या एकेका वाक्याची जागा आता माझ्या अंगावर दुखत होती, दात काढल्यावर जीभ तिथंच जाते तशी मी तिथं जात होते.

साडेनऊला नंदकुमारकाकांचा फोन आला. आवाज शांत, बैठकीतला. 'हे बघ शायमा, घाबरू नकोस. लेख आत्ता काढून टाक. आणि त्या जागी एक ओळ घालू: लेखिकेने दिलेली माहिती सदोष असल्याने लेख मागे घेण्यात येत आहे. विषय संपला.'

'माहिती सदोष नव्हती, काका.'

'अगं पोरगी पाण्यात गेली!'

'माहिती बरोबर होती. मी ती बदलली. त्यांचे आवाज आहेत माझ्याकडे.'

ते खरोखर मायेने म्हणाले, 'तुझं नाव कशाला मध्ये आणतेस? तान्हं बाळ आहे तुझं. केयूर चिडलाय, कमिटीत दोघंतिघं तापलीयत. राहीबाईंना काय फरक पडतो? त्या कुठे साइट वाचतात?'

नबीला खांद्यावर होती, ढेकराची वाट बघत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. काका मला वाचवत होते, अगदी मनापासून. तान्ह्या बाळाच्या आईला सगळे वाचवतात: बसमध्ये जागा देतात, मतभेद झाला की 'झोप होत नसेल' म्हणतात. त्या जागेवर बसून राहणं किती सोपं होतं! पण मी म्हटलं, 'लेख तिथंच राहील काका. वर दुरुस्ती लागेल, बारा वाजेपर्यंत, माझ्या नावाने. साडेसात मात्र मी आत्ताच काढून टाकलेत.' 'कमिटीला विचारायला नको?' 'आठवा नियम. दुरुस्तीचा निर्णय संपादकाचा. तुम्हीच सही केलीय.' ते हसले, इच्छा नसताना. 'खात्यात तू असतीस तर मी लवकर रिटायर झालो असतो,' म्हणाले आणि फोन ठेवला. जासईहून, कंटेनर यार्डच्या ऑफिसातून उसामाचा मेसेज होता: 'कळलं. दोन वाक्यांत लिही. तू दोनाची बावीस करतेस.'

मी बावीस लिहिली आणि वीस खोडली, आणि तेवढ्यात बेल वाजली. राहीबाई. पाटी डोक्यावर, पण फडकं सोडलेलं नव्हतं.

'बाय, बोंबील हायेत. पन आज इकायला नाय आले.'

'या मावशी. बसा.'

त्या नेहमीसारख्या उंबऱ्यात बसल्या. नबीलाकडे पाहिलं नाही, हे मी पाहिलं. 'गोट्यानं वाचून दावलं. मना येवढंच सांग, माझ्या नावानं घड्याल कुनी लावलं?'

'मी.'

'का?'

'लोकांना बीज कळत नाही म्हणून.'

'तुला कलते का नाय?'

'कळते.'

'मंग?' त्यांनी पदराने मान पुसली. आवाज चढला नव्हता, आणि तेच अवघड होतं. 'ज्याला कलत नाय त्याला सांगाया लिवतात नं? का त्याला कलत नाय म्हनून आपुनच इसरायचं?' त्या बोलतच होत्या. 'त्या पोरीचा बूट चिखलात ऱ्हायला. गोट्या बोल्ला, बूट गेला तो बरा गेला, पाय आला. पन परवा आमी कालवांना जानार. उद्या पुनव, परवा पाडवा. सोला बाया माझ्यामागनं उतरतात, मी हो बोल्ले का उतरतात, नाय बोल्ले का किनाऱ्याला ऱ्हातात. चालीस वर्सं. आज जेट्टीवर शेजारीन मना इचारते, काय राहीबाय, साडेसातलाच जायाचं नं? आनि हसल्या समद्या. हसू दे. पन येकीनं जरी मनात धरलं, का राहीबायला पानी कलत नाय, आनि माझं नाय आयकलं, मंग?'

खिडकीतली चिंधी भरून चमकत होती. बारा वाजत आले होते, चतुर्दशीची भरती. मी लॅपटॉप उचलून उंबऱ्यापाशी आणला, जमिनीवर मांडी घातली, नबीलाला मांडीवर घेतलं आणि वाचून दाखवलं.

'दुरुस्ती. या लेखात सकाळी साडेसातला ओहोटी असते असं छापलं होतं. राहीबाईंनी तसं सांगितलं नव्हतं. त्यांचे शब्द असे: बीजेला सकालचं पानी पार उतरतं. तिजेला जरा येलानं. मंग पुढं पुढं ऱ्हातं. आठमीला जाऊ नको. पानी समोरून येत नाय, पाठीमागनं येतं. हे शब्द मी काढले आणि त्या जागी घड्याळ घातलं. त्यामुळे आज एक बाप आणि त्याची मुलगी पाण्यात अडकली. राहीबाईंना पाणी कळतं. चूक माझी आहे. शायमा, संपादक.'

मी वर पाहिलं. राहीबाई नबीलाच्या पायाकडे बघत होत्या.

'ते परत वाच. पानी कलतं ते.'

मी वाचलं.

'लांब झालं,' त्या म्हणाल्या. 'पन ऱ्हाऊ दे. आनि लिव, गाववाला संग नसंल तं बीजेला पन जाऊ नको.' मी ते लिहिलं, त्यांच्या शब्दांत, आणि त्यांच्यासमोरच बटण दाबलं. त्यांनी लगेच गोटीरामला फोन लावला, जेट्टीवर ओरडून वाचायला सांगितलं, 'हां, आत्ता, समद्यांच्या म्होरं, त्या शेजारनीच्या कानात!' आणि फोन माझ्याकडे धरला. इंजिनाच्या आवाजातून गोटीरामचा आवाज आला, अडखळत, माझं वाक्य वाचणारा, चूक माझी आहे, मग कुणाचं तरी हसणं, आणि मग एक बाईचा आवाज, 'राहीबायला इचारा, परवा किती वाजता?' राहीबाई फोनमध्ये ओरडल्या, 'पानी उतरंल तवा!' आणि पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं होतं, आपलं नाव चुकीखाली छापलेलं ऐकताना जमीन हलेल. हलली नाही. उलट कित्येक महिन्यांनी पायाखाली काहीतरी घट्ट लागलं, मंगळवारच्या त्या वाक्यापेक्षा घट्ट. नंतर केयूरचा मेसेज आला. रागाचे दोन शब्द होते, ते त्याच्या हक्काचे. खाली होतं, 'जाई विचारतेय, बीज पुन्हा कधी? गोटीरामकाका नेतील का?' सहावा नियम मी त्याच दुपारी बदलला. लिहिणारा ज्या मापाने जगतो ते माप खोडू नये. न कळणाऱ्यासाठी शेजारी समजावून लिहावं. काकांनी त्यावर अंगठा पाठवला. मग पाच मिनिटांनी, 'खात्यात हेच चुकायचं.'

पण त्याआधी, राहीबाई उठायला लागल्या तेव्हा, मी म्हटलं, 'मावशी, थांबा.' आतून हॉस्पिटलची फाइल आणली. पहिल्या पानावर, छापील तारखेच्या बाजूला अम्मीने पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवलं होतं. इतके महिने ते मी अम्मीची जुनी सवय म्हणून बघितलंच नव्हतं. 'चांदाची सहावी,' मी वाचलं. 'संध्याकाळी पाच चाळीस.'

राहीबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. 'बीजेला दिसला. तिजेला तुमची पयली. सावी म्हंजे...' चौथं पेर, पाचवं, सहावं. 'आठम. आठमीची सांज.' मग त्यांनी नबीलाकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा, नीट, आणि तिच्या तळपायाला बोट लावलं. 'चढत व्हतं, बाय. भरतच आलं व्हतं.' पाटीवरचं फडकं सोडून त्यांनी चार बोंबील माझ्या ताटात टाकले, पाटी डोक्यावर घेतली आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरल्या.

मी पेन शोधलं. छापील तारीख होती, वेळ होती, अम्मीची पेन्सिल होती. कशालाच हात लावला नाही. शेजारी थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं: पाणी चढत होतं.